जुन्या मिसलीत सापडलेला आमचा पहिला वखर

आमच्या माहेरी एक गोष्ट लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. उमरेड तालुक्यातलं आमचं गाव खापरपणज्याने वसवलं. तो आला तेव्हा नुसतं रान होतं, त्याने झाडं तोडली, विहीर खणली आणि पहिला वखर चालवला. हे ऐकतच आम्ही मोठे झालो, पण याचा एकही कागद घरात कोणी पाहिलेला नव्हता. जानेवारी २०२४ पासून दिवाळीपर्यंत मी ते कागद शोधत होते, आणि बरेचसे मिळाले. विदर्भातल्या जुन्या जमिनीचे कागद कुठून आणि कसे काढायचे, हे कुणी मला एका जागी सांगितलं असतं तर बरीच पायपीट वाचली असती. म्हणून जरा सविस्तरच लिहिते आहे.

निमित्त झालं भाचीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं. ओबीसींच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून भावाने आजोबांच्या शाळेचा दाखला आणि १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल काढली. भाचीचं काम झालं आणि फाइल कपाटात गेली. माझ्या डोक्यात मात्र त्या नकलेतला एक शब्द राहिला. आजोबांच्या नावापुढे हक्काच्या रकान्यात ‘मालिक मकबुजा’ असं लिहिलेलं होतं. आजच्या सातबाऱ्यावर नुसतं ‘भोगवटादार वर्ग-१’ दिसतं.

भावाच्या ओळखीतले एक निवृत्त पटवारी आहेत. त्यांना नक्कल दाखवली. मला वाटलं होतं, ते म्हणतील, वा, म्हणजे तुमचे पूर्वज जमिनीचे मालकच. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “ताई, एवढ्यावरच भरोसा नका ठेवू जी. एक्कावन्न साली मालगुजारी गेली, तवा लय जणायले मकबुजा नव्यानं भेटलं. जुनी मिसल काढा, मंग समजन.”

मिसल म्हणजे बंदोबस्ताच्या कागदांची फाइल. त्यांनी त्या दुपारी जे समजावून दिलं, ते थोडक्यात असं. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्या दशकात पहिला मोठा बंदोबस्त, म्हणजे जमिनीचे हक्क आणि सारा ठरवणारी पाहणी, झाला. गावोगावच्या पाटलांना, इजारदारांना मालगुजार, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारे मालक, म्हणून मालकी मिळाली ती त्यात. पण गावातल्या काही शेतकऱ्यांचा आपापल्या तुकड्यावरचा हक्क इतका जुना होता, किंवा त्यांनी त्या जमिनीवर इतकी मेहनत आणि पैसा घातला होता, की त्यांना मालगुजाराचं कूळ न ठेवता त्या तुकड्यापुरतं मालक मानलं गेलं. ते मालिक मकबुजा. त्यांच्याखाली मौरूसी म्हणजे वहिवाटीचा वारसा असलेली कुळं, आणि त्यांच्याखाली साधी कुळं. दुसरा बंदोबस्त १८९० च्या दशकातला. तो करणारा अधिकारी रेजिनाल्ड क्रॅडॉक पुढे मध्य प्रांताचा चीफ कमिशनर झाला. तिसरा १९१० च्या दशकातला. “पहिल्या बंदोबस्तात तुमचा बुढा मकबुजा असन, तर रान त्यानंच तोडलं म्हणायले आधार हाये,” पटवारी म्हणाले.

मग सुरू झालं खरं काम. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात नक्कल मागायची तर अर्जात मौजा, तहसील, पटवारी हलका नंबर, बंदोबस्त नंबर, साल आणि जुना खसरा नंबर, म्हणजे शेताचा नंबर, एवढं लागतं. यातलं आपल्याकडे असतं फक्त गावाचं नाव आणि आजचा नंबर. आजच्या नंबरावरून जुना खसरा नंबर काढायला री-नंबरिंग पर्चा लागतो. तो आधी मिळवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. बंदोबस्त नंबर बहुतेक वेळा १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाच्या माथ्यावरच असतो. विदर्भात एकाच नावाची दोन-तीन गावं सहज निघतात, त्यामुळे या नंबराशिवाय अर्ज टाकण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट तहसिलीची. जुन्या कागदांत नागपूर जिल्ह्याच्या मोजक्याच तहसिली आहेत: नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल. आज तुमचं गाव पारशिवनी तालुक्यात असेल तर जुना बस्ता, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, रामटेकचा मागायचा, नरखेडमध्ये असेल तर काटोलचा, भिवापुरात असेल तर उमरेडचा. खिडकीवर उभं राहून “आमच्या तालुक्याचं काहीच नाही म्हणतात” असं सांगत परत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी एका काकूंना जुनी तहसील सांगितल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांचा बस्ता निघाला. त्यांना झालेला आनंद पाहून मलाही फार बरं वाटलं.

फेब्रुवारीत अर्ज टाकला. कोर्ट फीचं तिकीट, शोध शुल्क, आणि नक्कल तयार झाल्यावर पानागणिक पैसे. रक्कम मोठी नाही, वेळ मात्र मोठा लागतो. त्या हिवाळ्यात मराठवाड्यापासून इकडपर्यंत सगळीकडे कुणबी नोंदींचा शोध चालू होता, प्रत्येक अभिलेख कक्षात गठ्ठे सोडलेले आणि माणसं कामात बुडालेली. त्यात लोकसभेची निवडणूक आली. नागपूरचं मतदान १९ एप्रिलला होतं, त्याच्या आधी महिनाभर अर्धे कर्मचारी निवडणुकीच्या कामावर. दरवेळी “पुढच्या आठवड्यात या ताई.” सिव्हिल लाइन्समधली झाडं नसती तर एप्रिलच्या त्या उन्हात मी हे काम सोडून दिलं असतं. त्या दिवसांत खूप एकटं वाटायचं. घरचे विचारायचे, दाखला तर मिळाला, आता कशासाठी जातेस? याचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं. वडील गेल्यापासून गावाकडचं कोणी काही सांगणारं उरलेलं नाही, आणि मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आता नव्वदीला टेकलेत, एवढंच मनात होतं.

एका कार्यालयात मला तोंडी सांगितलं गेलं की पहिल्या बंदोबस्ताचं काही शिल्लकच नाही. असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका, ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी मागा. मी तसा अर्ज दिला आणि सोबत माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचं शुल्क भरून, उमरेड तहसिलीच्या बस्त्यांच्या यादीची प्रत मागितली. कायद्याची मुदत तीस दिवसांची आहे. यादी त्या मुदतीत आली आणि तिच्यात आमच्या मौज्याचा बस्ता होता. मग पाहणीसाठी वेगळा अर्ज. नक्कल मागण्याआधी पाहणी मागावी, असं मी प्रत्येकाला सांगेन. आपल्याला नेमकी कोणती पानं हवीत ते कळतं आणि नको त्या पानांचे पैसे वाचतात. जाताना नाकाला बांधायला रुमाल, पेन्सिल आणि भिंग न्या. कागद इतके ठिसूळ आहेत की पान उलटताना कडा हातात येते. म्हणून घाई करू नका आणि कर्मचाऱ्यांनाच उलटू द्या.

मे महिन्याच्या शेवटी बस्ता समोर आला. लाल कापडात बांधलेला, वर शाईने बंदोबस्त नंबर. मला वाटलं होतं की नाव शोधायचं आणि संपलं. पण नाव हा त्यातला सगळ्यात छोटा भाग निघाला.

आधी तिसऱ्या बंदोबस्ताची मिसल पाहिली, कारण ती वाचायला सोपी. बाळबोध अक्षर, पण भाषा कचेरीची, उर्दू-फारसी शब्दांनी भरलेली: वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, साकिन म्हणजे राहणार, काश्त, लगान, आबादी. खसऱ्यात एकेका शेताची मातीची जात लिहिलेली आहे. काळी, मोरांड, खरडी, बरडी हे शब्द आमच्याकडे आजही रोज बोलण्यात आहेत. आमच्या घराण्याच्या नावावरच्या शेतांत काळी थोडी, मोरांड बरी, आणि खरडी बरीच होती. नाल्याकाठची चांगली काळी मालगुजाराच्या सीरमध्ये, म्हणजे त्याच्या घरच्या शेतीत. रान तोडणाऱ्याच्या वाट्याला कोणती जमीन आली, ते त्या रकान्यात उघड दिसतं. भाऊ आजही त्याच खरडीत तूर घेतो आणि पाऊस आठ दिवस लांबला की काळजीने झोपत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा तो रकाना मी फोनवर त्याला वाचून दाखवला तेव्हा तो कितीतरी वेळ काही बोललाच नाही.

याच मिसलीत वाजिब-उल-अर्ज आहे, म्हणजे गावाच्या चालीरीतींचा लेख. घर बांधायला आबादीत जागा कोणाला फुकट, जळणाचं लाकूड, गवत, मोहाची फुलं यांवर हक्क कोणाचा, तलावाचं पाणी आधी कोणी घ्यायचं, हे सगळं यात असतं. नव्याने वसणाऱ्या माणसाचं रोजचं जगणं कळायला याच्याइतका चांगला कागद मला दुसरा दिसला नाही. लोक मात्र जमिनीच्या वादापुरतं नाव पाहतात आणि हा भाग सोडून देतात. मालगुजारी गेल्यावर यातलंच बरंचसं निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांच्या नोंदीत, आलं. ‘झुडपी जंगल’ म्हणून ज्या जमिनींवर आज विदर्भात एवढे खटले चालले, त्यांच्या नोंदींचं मूळही या निस्ताराच्या कागदांतच सापडतं.

पहिल्या बंदोबस्ताची फाइल मात्र मोडीत होती. नक्कल जुलैत हातात आली आणि मला एक अक्षर लागेना. मोडी वाचणारे जाणकार नागपुरात आहेत. पुराभिलेख विभागाच्या प्रशिक्षणातून तयार झालेली तरुण मुलंही आहेत. मला एक निवृत्त शिक्षक मिळाले, पानाला दीडशे रुपये घेतले आणि शब्दन्‌शब्द लावून दिला. पैसे वाचवायला नुसता सारांश घेऊ नका, पूर्ण लिप्यंतर घ्या. सारांशात शेरे गळतात.

तो जबाब होता. मालकीच्या चौकशीत आमच्या खापरपणज्याने दिलेला. वय वीसच्या आसपास सांगितलं आहे, सही नाही, ‘निशाणी नांगर’ आहे. लिहिता न येणारे कुणबी सहीच्या जागी नांगर काढत, हे मला ठाऊक होतं. आपल्याच माणसाचा नांगर पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. तीन-चार रेघांचा आहे, जरा वाकडा.

जबाबाचा आशय माझ्या शब्दांत सांगते. मौजा रिठी होता. विदर्भातल्या माणसाला रिठी म्हणजे काय ते सांगायला नको. गावाचं नाव आहे, शिव आहे, पण राहणारं कोणी नाही. पूर्वी तिथे गोंडांची घरं होती, ती का उठली ते लिहिलेलं नाही. पाटलाने कौल देऊन याच्या बापाला आणलं. पहिली काही वर्षं सारा नाही, मग थोडा, मग चढत चढत पूर्ण. पडीत जमीन लागवडीला यावी म्हणून मराठी राज्यात अशी सवलत देत, तिला इस्तावा म्हणत. बाप दोन बैलजोड्या घेऊन आला. पळस, बोर, बाभूळ तोडली, मोहाची झाडं ठेवली. कुंदा आणि हरळी निघायला तीन पावसाळे गेले. ज्याने काळ्या जमिनीतला कुंदा खणला आहे, त्याला या ओळीतले कष्ट कळतील. मुळं हातभर खोल जातात आणि एक तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो. पहिली विहीर पावसात ढासळली. दुसरी दगडाने बांधून काढली, त्याचा खर्च सावकाराकडून उचलला. वाघाने एक बैल नेला, तेव्हा शेजारच्या गावचा गोंड भुमक, म्हणजे गावदेवाचा पुजारी, बोलावून शिव बांधून घेतली. बाप तापाने गेला. ‘विहीर आम्ही बांधली, सबब जमीन आमची’ असा शेवट.

आणि त्याखाली अधिकाऱ्याचा हुकूम: मालिक मकबुजा.

म्हणजे घरातल्या गोष्टीतली विहीर खरी, रान खरं. पण आलेला माणूस खापरपणजा नव्हता, त्याचा बाप होता. त्याचं नाव सगळ्या कागदांत फक्त ‘वल्द’ या शब्दापुढे येतं. खापरपणजा तेव्हा पोरगा होता, बापामागे कुंद्याची मुळं वेचणारा. आणि रान तेही पूर्वी कुणाचं तरी गाव होतं. गावठाणाच्या उत्तरेला नांगरताना आजही खापरं निघतात, त्या पांढरीचा, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेचा, अर्थ मला आता लागला. या मुलखात गावं वसवणं हे एकदा घडलेलं काम नाही. देवगडच्या बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवलं तेव्हाही बाहेरून शेतकरी आणि कारागीर आणले होते. दुष्काळ, साथ, पेंढारी, कशानेही गाव उठायचं आणि एक-दोन पिढ्यांनी दुसरं कोणी कौल घेऊन यायचं.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते या जबाबाने नाही. दुसऱ्या बंदोबस्तानंतरचे काही सुटे कागद त्याच बस्त्यात होते. त्यात १९०० च्या आसपासची एक दाखल-खारीजची नोंद आहे, म्हणजे आपण आज फेरफार म्हणतो ती. खापरपणजा मयत. त्याच्या जागी ‘मुसम्मात अमुक, बेवा अमुक, सरपरस्त नाबालिग’. विधवा, अज्ञान मुलाची पालनकर्ती. तो नाबालिग म्हणजे माझे पणजोबा. साल पाहा: १८९६-९७ चा दुष्काळ नुकता होऊन गेलेला, आणि १८९९-१९०० चा छपन्नचा काळ, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ, चालू. शेऱ्यात लिहिलं आहे की दोन शेतं पडीत पडली, बाकी लागवडीत, किस्त भरली.

किस्त भरली. दुष्काळात, दहा वर्षांच्या आतलं पोर घेऊन, नवऱ्यामागे त्या बाईने सरकारी सारा भरला आणि जमीन हातची जाऊ दिली नाही. त्या वेळी किस्त थकून किती जणांची जमीन सावकाराकडे गेली, हे त्याच गावच्या पुढच्या पानांवर दिसतं. आमच्या घरच्या गोष्टीत ही बाई कुठेच नाही. तिचं नाव आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. रान तोडणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, ते असावंच, पण वसलेलं घर दुसऱ्यांदा रिठी होऊ न देणारी ती होती. म्हणून कळकळीने सांगते, ‘मु.’ किंवा ‘मुसम्मात’ लिहिलेली नोंद दिसली की थांबा, पुढे-मागे चार पानं पाहा. घरच्या बायका कागदात येतात त्या बहुतेक अशाच, संकटाच्या वर्षी.

बाकीचं लवकर सांगते. जुन्या सचिवालयातल्या पुराभिलेखागारात ओळखपत्र आणि अर्ज देऊन बंदोबस्ताचे छापील अहवाल वाचता येतात. रिचर्ड जेंकिन्सचा १८२७ चा नागपूर राज्यावरचा अहवालही कोणत्याही शोधकाने चाळावा. आपल्या गावाचं नाव त्यात नसतं, पण शेती कशी चालायची ते कळतं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या घराच्या दोन पिढ्या मिळाल्या, त्याने नावांचा क्रम पक्का झाला. सगळ्याचा मिळून खर्च, नकला, मोडी आणि येणं-जाणं धरून, पाच हजारांच्या आत राहिला. मूळ नकलांना लॅमिनेशन करू नका, पुढे कुठे दाखल करायच्या झाल्या तर अडचण येते. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि स्कॅन करून घरातल्या चौघांकडे द्या.

दिवाळीत गावी गेले. मोठे बाबा ओसरीवर खाटेवर बसले होते. सगळं लिप्यंतर मोठ्याने वाचून दाखवलं. बापाची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकली. खापरपणजीचं नाव आलं तेव्हा म्हणाले, “थांब बाई. हे नाव मायच्या तोंडी आयकलं होतं म्या. दळताना घ्यायची. मले वाटे देवीचं नाव हाये.” मग त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. मोडीत ‘नाला’ लावलेला शब्द एका शेताचं नाव आहे, आणि ढासळलेली विहीर गावात नव्हे, मोहाच्या पट्टीत होती. त्यावर चुलतभाऊ म्हणाला की ती विहीर मालगुजाराची. त्यावरून चहा होईपर्यंत दोघांचं चाललं.

दुरुस्त्या मी समासात मोठ्या बाबांच्या नावानिशी लिहून ठेवल्या आहेत. ग्रामपंचायतीत आणि शाळेत एकेक संच दिला आहे. विहिरीचं ठरायला पहिल्या बंदोबस्ताचा नकाशा लागेल, तो मिसलीत नसून वेगळ्या बस्त्यात असतो. त्याच्या पाहणीचा अर्ज टाकला आहे, बंदोबस्त नंबर आणि जुन्या तहसिलीसकट.